राखून ठेवलेला निकाल

निखत युसूफ पिंजारी या विद्यार्थिनीचा बी.एस्सी. अंतिम वर्षाचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात राखून ठेवण्यात आला. कॉलेजने ही माहिती तिच्या आईला फोनवरून कळवली. आई ऑक्टोबरमध्ये वारली. मी जानेवारीत जालना जिल्ह्यात गेले, तेव्हा राखून ठेवलेल्या निकालांसाठी कागदपत्रं स्वीकारण्याची मुदत त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपणार होती. त्यानंतर निकाल रद्द होऊन अंतिम वर्षाची परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती.

मी गेले होते ते वेगळ्या कामासाठी. कॉलेजातले शिक्षक वर्गाबाहेर विद्यार्थ्यांशी संपर्क कसा ठेवतात, यावर मला लिहायचं होतं. निखतचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते सोमवारी, बदनापुरात, जेवणानंतर.

सोमवार, बदनापूर

गणेश खरात स्टेशनवर मोटारसायकल घेऊन आले होते. जालन्यातल्या एका कॉलेजात ते अकरा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवतात. राहतात बदनापुरात आणि रोज रेल्वेने जातात-येतात. कॉलेजात पालक-शिक्षक अशी पद्धत आहे. प्रत्येक शिक्षकाला पंचवीस विद्यार्थी वाटून दिलेले असतात. त्यांची हजेरी, घरची स्थिती, अडचणी यांची नोंद शिक्षकाने एका वहीत ठेवायची असते. हे काम तासिकांमध्ये धरलं जात नाही. खरात सरांकडे त्यांच्या स्वतःच्या पंचवीस विद्यार्थ्यांशिवाय सोडून गेलेल्या दोन शिक्षकांचेही विद्यार्थी आहेत.

स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी हरभरा होता आणि त्यापलीकडे ज्वारी. ज्वारीची कणसं भरत आली होती. खरात सरांच्या पत्नी मीनाताईंनी अंगणात शेणी पेटवून हुरडा भाजायला घेतला होता. गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढायचे असतात. मला ते जमेना, हात भाजला. आमच्याकडे रत्नागिरीला ज्वारी दुकानातून येते आणि बहुधा आजारी माणसासाठी. इथे मीनाताईंनी माझ्या हातातलं कणीस काढून घेतलं, दोनदा चोळलं आणि दाणे ताटलीत टाकले.

“तुम्ही लिहायला आल्या ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “यांना विचारा, आपली पोरगी कोणत्या वर्गात हाय.”

“सातवीत,” खरात सर म्हणाले.

“न् वर्गशिक्षिका?”

“पाटील मॅडम.”

“त्या मागच्या वर्षी होत्या,” मीनाताई मला म्हणाल्या. “पाऊणशे पोरांच्या आयांची नावं पाठ हायेत. घरच्या पोरीच्या बाई माहीत न्हाईत.”

खरात सर हसले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी संपर्काची वही आणली आणि जुलैचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. निळ्या शाईत एक ओळ होती: “निखत. आईशी फोनवर बोललो. निकाल राखून ठेवल्याचे कळवले. समजले.”

“समजले, असं लिहिलं मी,” ते म्हणाले. “कोणाला समजले ते लिहिलं न्हाई.”

मग त्यांनी झालेलं सांगितलं. निखत परतूरची. बारावी तिने आजोळी, निजामाबादला केली होती. दुसऱ्या राज्याच्या बोर्डाची विद्यार्थिनी असल्यामुळे तिथल्या बोर्डाचा मूळ स्थलांतर दाखला द्यावा लागतो. तो फाइलमध्ये नव्हता. पहिल्या वर्षी ते कोणाच्या लक्षात आलं नाही, अंतिम वर्षी आलं. निकाल राखून ठेवला गेला. खरात सरांनी फोन लावला तो आई रेहाना यांनी घेतला. त्या घरी उर्दू बोलत, मराठी त्यांना येत होती.

“मी म्हणलं, ताई, निखतचा निकाल राखून ठेवलाय. त्या म्हणल्या, हाव सर, ठेवा राखून, मेहरबानी झाली तुमची. मला वाटलं, साधं माणूस हाय, म्हणून असं बोलून राह्यल्या. दाखल्याचं सांगायला गेलो तर म्हणल्या, सगळे कागद हायेत सर, सांभाळून ठेवलेत. मंग मी फोन ठेवला.”

रेहाना यांना वाटलं होतं की कॉलेजने मुलीचा निकाल तिच्यासाठी जपून ठेवला आहे. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. खरात सरांना हे गेल्या गुरुवारी कळलं. परतूरचा एक विद्यार्थी दाखला न्यायला कॉलेजात आला होता, त्याने बोलता बोलता सांगितलं. निखतची आई गेल्याचंही त्यानेच सांगितलं.

आमच्या घरी कोणी उशिरा येणार असेल तर त्याच्या वाटणीचा माशाचा तुकडा राखून ठेवतात. न्यायालयाच्या बातम्या करत होते तेव्हा “निकाल राखून ठेवला” हे शब्द मी स्वतः कित्येकदा लिहिले. या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध आहे हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

मंगळवार, जालना

सकाळची गाडी उशिरा आली. डब्यात जालन्याला कामाला जाणारी माणसं होती, बहुतेक एकमेकांना नावाने ओळखणारी. खरात सरांसाठी एकाने जागा धरली होती. ती त्यांनी मला दिली.

कॉलेजच्या कार्यालयात परीक्षा विभागाचं काम बोर्डे मॅडम बघतात. राखीव निकालांची यादी त्यांनी टेबलाच्या काचेखाली लावली होती. अकरा नावं. दहांवर बरोबरची खूण होती. अकरावं निखतचं.

“तिच्या फॉर्मवर जो नंबर हाय तो बंद येतो,” बोर्डे मॅडम म्हणाल्या. “पत्र पाठवलं, ते परत आलं. पत्त्यात गल्लीचं नाव चुकलं होतं. सर फोन करतात, मी पत्र पाठवते. दोन्ही पोचत न्हाईत.”

“काय काय लागेल?” मी विचारलं.

“मूळ दाखला. झेरॉक्स न्हाई. न् अर्ज विद्यार्थिनीनं स्वतः येऊन भरायचा. त्याच्या पाठीवर कॉलेजचा शिक्का मारायचा, माझी सही, प्राचार्यांची सही, मंग तो स्कॅन करून पोर्टलवर चढवायचा. मूळ कागद आमच्याकडं जमा. शुक्रवारी पाचला पोर्टल बंद. पाच म्हणजे पाच.”

फॉर्मवरचा क्रमांक आईचा होता. निखत आता एमआयडीसीत एका बियाणं कारखान्यात कामाला जाते, इतकंच त्या विद्यार्थ्याने सांगितलं होतं. कोणत्या ते त्याला ठाऊक नव्हतं. खरात सर दुपारभर जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत होते. मधे त्यांचं प्रात्यक्षिक होतं. मीही प्रयोगशाळेत जाऊन बसले. आठ-नऊ मुलं-मुली होती. दोघांच्या पॅन्टवर लोखंडाचा तांबडा भुगा होता. रात्रपाळी करून ते थेट आले होते. खरात सर त्यांना वाळवलेल्या रोपांचे जुने नमुने दाखवत होते. एका कागदावर कोणीतरी कधी काळी रोप चिकटपट्टीने डकवलं होतं. पट्टी पिवळी पडली होती. सरांनी एक चपटी पाती दिव्यावर धरली, पट्टीच्या कडेखाली सरकवली आणि हळूहळू पट्टी सोडवून काढली. पान फाटलं नाही.

“घाई केली की कागदाचं कातडं निघतं,” ते मुलांना म्हणाले. “ऊब द्यायची न् थांबायचं.”

चार वाजता फोन आला. निखतचा कारखाना सापडला होता.

बुधवार, एमआयडीसी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळ्या करणाऱ्या गिरण्या आणि बियाणं साफ करून पाकिटात भरणारे कारखाने शेजारी-शेजारी आहेत. हवेत धूळ असते आणि जिभेला लोखंडाची चव लागते. आम्ही आधी चुकीच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्याने अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की या नावाचे दोन कारखाने आहेत, तुम्हाला हवा तो रस्त्यापलीकडे.

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. डोक्यावर कापडी टोप्या होत्या. निखतने खरात सरांना लांबूनच ओळखलं आणि टोपी काढून हातात घेतली. बावीस वर्षांची, बारीक, उंच. ती जालन्यात आत्याकडे राहते आणि महिन्यातून एकदा परतूरला जाते.

भिंतीच्या सावलीत बसून तिने डबा उघडला आणि माझ्यापुढे केला. “घ्या मॅडम. सरांना नका विचारू, ते आमच्या डब्यातलं खात न्हाईत. पोरांचं कमी होतं म्हणतात.”

“तुझं काम काय असतं इथे?” मी विचारलं.

“पाकिटं भरते. कपाशीचं बी. लॅबमध्ये उगवण मोजायचं काम असतं, ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं न् आठव्या दिवशी कोंब मोजायचे. ते मला येतं. सेकंड इयरला केल्तं सरांकडं. पण तिथं गुणपत्रिका दाखवावी लागते.”

खरात सर उभेच होते. ते म्हणाले, “निखत, तुझ्या अम्मीचं मला मागच्या आठवड्यात कळलं.”

“हाव सर.”

“मी त्यांना निकालाचं चुकीच्या शब्दात सांगितलं. चूक माझी हाय.”

“शब्द बराबर होता सर,” ती म्हणाली. डब्याचं झाकण ती लावत होती, ते बसत नव्हतं.

सरांनी मुदतीचं सांगितलं. दाखला कुठे आहे ते विचारलं. घरी, पेटीत, ती म्हणाली. उद्या सुट्टी मिळेल का, त्यांनी विचारलं. ती झाकणच दाबत राहिली. मग भोंगा वाजला आणि “बघते” म्हणून ती उठली. फाटकातून आत जाताना तिने मागे पाहिलं नाही.

“ही येणार न्हाई,” खरात सर म्हणाले. “मुदत माहीत झाल्यावर पोरं असं बघते म्हणत न्हाईत. काहीतरी हाय.”

संध्याकाळी सातला तिने आत्याच्या फोनवरून निरोप दिला: सकाळच्या गाडीने येते.

गुरुवार, परतूर

जालना ते परतूर रेल्वेने तासाभराचं अंतर आहे. डबा भरलेला होता. खरात सर दाराजवळ उभे राहिले. निखतला आणि मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर काळी जमीन, तुरी काढून झालेली शेतं, मधे मधे शेवटच्या वेचणीची कपाशी. रांजणी स्टेशन गेल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

“मॅडम, सरांना वाटतं मला माहीत नव्हतं. मला ऑगस्टमध्येच कळलं होतं.”

तिच्या एका मैत्रिणीचाही निकाल राखीव होता. राखीव म्हणजे अडकलेला, कागद दिल्याशिवाय सुटत नाही, हे त्या मैत्रिणीने सांगितलं. निखत घरी आली ती आईला हे सांगायलाच. आईला मूत्रपिंडाचा आजार होता. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिसला न्यावं लागे.

“घरी आले तर अम्मी गादीवर बसून शेजारच्या खालाला सांगून राह्यली होती, ‘कॉलेजवालों ने संभाल के रखा है मेरी निखत का रिझल्ट, ऐसा सबका नै रखते.’ मंग मी पाणी पिले न् परत बाहेर गेले.”

“दाखला पेटीत होता ना? न सांगता काढता आला असता.”

“चावी अम्मीच्या ओढणीला बांधलेली. मागितली असती तर विचारलं असतं, कायको.”

“आणि ऑक्टोबरनंतर?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर अवघड गेल्ता. कागद द्यायचा, निकाल उघडायचा, न् मी नापास निघाले तर? अम्मी गेली तेव्हा पास झालेल्या पोरीची अम्मी होती. गल्लीत सगळ्यांला तेच माहीत हाय. आता मी तिला खोटं पाडू?”

गाडी परतूरला थांबली.

बाजाराच्या मागे त्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत गाद्या-रजयांचं दुकान आणि कापूस पिंजायचं यंत्र. बाहेरच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. निखतचे वडील युसूफभाई यंत्रावर होते. दाढीवर, भुवयांवर कापूस. मला शिंका यायला लागल्या. त्यांनी फळीवरचा डबा उघडून गुळाचा खडा दिला. “खा लो मॅडम. रुई गले में जाती तो हम ये खाते. बीस बरस से खा रा हूँ.”

खरात सरांना त्यांनी खुर्ची दिली. मुलगी आणि तिचे सर एकत्र आले म्हणजे काहीतरी चांगलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“रिझल्ट लाए क्या सर?”

“न्हाई भाई. तो राखून ठेवलाय.”

“हौ, वो तो मालूम है.”

“तसं न्हाई,” खरात सर म्हणाले. “राखून ठेवला म्हणजे थांबवला. रोक के रखा है. एक कागद कमी हाय म्हणून. उद्या संध्याकाळपर्यंत तो दिला न्हाई तर रद्द होईल.”

युसूफभाईंनी हात लांब करून यंत्र बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

“रोका है?”

“हौ.”

“रेहाना को आपने बोला था ना?”

“बोललो होतो. त्यांना वेगळं समजलं. त्यांना वेगळं समजलं, हे मला समजलं न्हाई.”

“वो पेढे बाँटी,” युसूफभाई म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “पूरी गली में बाँटी.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “तेरे को मालूम था?”

निखत दाराशी उभी होती. “नै अब्बू,” ती म्हणाली.

मी गुळाचा खडा तोंडात ठेवून बसले होते. तशीच बसून राहिले.

चावी आता युसूफभाईंच्या सदऱ्याच्या खिशात असते. ऑक्टोबरनंतर पेटी उघडलेली नव्हती. आतल्या खोलीत ती पलंगाखालून ओढून काढली. निखतने झाकण वर केलं आणि मागे सरकली. वर एक दुलई होती. दुलईखाली रुमालात गुंडाळलेला आईचा फोन, बंद पडलेला. त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत निखतचे सगळे कागद, पहिलीच्या प्रगतिपत्रकापासून. एकेक कागद लॅमिनेट केलेला. कडा जुळवून, मोठ्यावर लहान, असे लावलेले.

“बस स्टँड के पास करवाई,” युसूफभाई म्हणाले. “एक दिन में पूरे. बोली, अब पानी से भी खराब नै होते.”

स्थलांतर दाखला वरून सहावा होता. खरात सरांनी तो हातात घेतला, उलटून मागची बाजू पाहिली, अंगठ्याने प्लॅस्टिक दाबून पाहिलं. मग तो निखतकडे परत दिला.

जेवण निखतने केलं. खट्टी डाळ, भात आणि भाकरी. आमच्याकडे आमटीत आंबट कोकमाचं असतं, पण हे चिंचेचं जास्त तीव्र. जेवत असताना शेजारची बाई डोकावली. “वो रखा हुआ रिझल्ट मिल गया क्या, निखत?”

“कल मिलता, खाला,” निखत म्हणाली.

परतताना खरात सरांनी तिला विचारलं, फिजिकल केमिस्ट्री कसा गेला होता. ती म्हणाली, ठीक. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्यांना किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, जालना

सकाळी निखतला सुट्टी मिळाली नाही. गुरुवारची एक झाली होती. दुपारी दोनला ती कारखान्यातून निघाली. रिक्षा मधे बंद पडली, ती उरलेलं अंतर चालत आली. कॉलेजच्या कार्यालयात पोचली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

बोर्डे मॅडमनी दाखला पाहिला आणि कपाळाला हात लावला. “लॅमिनेशन कोणी केलं हे?”

“अम्मीनं.”

मॅडमनी तरीही मागच्या बाजूवर शिक्का मारला. शाई प्लॅस्टिकवर थेंब-थेंब उभी राहिली. बोटाने पुसली तशी निघून गेली. दुसरा मारला. तोही पुसला गेला.

“दुसरी प्रत मागवा म्हणलं तर निजामाबाद,” त्या म्हणाल्या. “आज शुक्रवार.” त्यांनी विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की शिक्का मूळ कागदावर दिसला पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा. त्यांनी फोन ठेवला. टेबलावरची कात्री त्यांनी उचलली, दाखल्याच्या कडेला धरली आणि पुन्हा खाली ठेवली. “फाटलं तर माझ्या हातून फाटायचं.”

“मागची बाजू कोरी हाय,” खरात सर म्हणाले. “शिक्क्यापुरती जागा मोकळी केली तर?”

ते दाखला घेऊन प्रयोगशाळेत गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी दाखला पालथा घातला, पट्टीने शिक्क्याएवढा चौकोन आखला आणि ब्लेडने फक्त वरचा पापुद्रा कापला. दिवा पेटवला. चपटी पाती गरम करून चौकोनाच्या कडेवर ठेवली, उचलली, पुन्हा गरम केली. निखत टेबलापलीकडे उभी राहून बघत होती. एकदा ती म्हणाली, “सर, थांबा, मी दिवा धरते.” त्यानंतर पाऊण तास गेला. एका कोपऱ्यात कागदाचा पातळ थर प्लॅस्टिकबरोबर निघाला. बाकी चौकोन सुटला. समोरचा मजकूर जसाच्या तसा होता.

सरांनी कापलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात पुढे केला. निखतने तो त्यांच्याकडून मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शिक्का बसला. प्राचार्यांची सही झाली. बोर्डे मॅडम दाखला स्कॅन करत असताना निखतने अर्ज भरला. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात तिने न थांबता दहा आकडे लिहिले. खरात सर वाकून बघत होते.

“हा अम्मीचा ना? बंद हाय तो.”

“हाच पाठ हाय सर,” ती म्हणाली.

आत्याचा लिही, असं ते म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत.

पोर्टल दोनदा अडकलं. चार बावन्नला पोच आली. बोर्डे मॅडमनी पोचपावतीची प्रत निखतला दिली, काचेखालच्या यादीत अकराव्या नावावर खूण केली आणि म्हणाल्या, “आता जेव काहीतरी. तोंड बघ केवढंसं झालंय.” मूळ दाखला नियमाप्रमाणे फाइलमध्ये जमा झाला.

खरात सरांनी त्या दिवशीची नोंद कार्यालयाच्या बाकावर बसून लिहिली. मी ती नंतर त्यांच्या परवानगीने वाचली: “निखत. कागद जमा. तिच्याशी स्वतः बोललो.” त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

नंतर

मी शनिवारी निघाले. पुढची माहिती मी फोनवरून घेतली आणि बोर्डे मॅडम व खरात सर, दोघांकडून पडताळली.

एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत सप्टेंबरमध्येच संपली होती. बियाणं कारखान्याच्या लॅबमधली रिकामी जागा डिसेंबरमध्ये भरली गेली. निखत पाकिटं भरण्याच्या विभागातच आहे.

तिचा निकाल पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मोकळा झाला. ती सर्व विषयांत उत्तीर्ण आहे. फिजिकल केमिस्ट्रीत उत्तीर्ण होण्यासाठी लागतात तेवढेच गुण आहेत, एकही जास्त नाही. गुणपत्रिकेवर आईच्या नावाच्या रकान्यात रेहाना असं छापलेलं आहे.

निकाल जाहीर झाल्याचा संदेश त्याच दिवशी विद्यार्थिनीच्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर पाठवण्यात आला, अशी नोंद पोर्टलवर आहे. तो क्रमांक ऑक्टोबरपासून बंद आहे.